सातदा पडा, आठदा उठा



बारामतीहून इंदापूरला निघालात की वाटेत निमगाव केतकी लागते. तुमच्यापैकी पुष्कळांना हे गाव दोन कारणांनी ठाऊक असेल. एक म्हणजे तुकोबारायांची पालखी. बारामती, सणसर करीत ती पुढे येते आणि इंदापूर गाठण्याआधी इथे मुक्काम करते. दुसरे कारण म्हणजे इथले पानमळे. आज बोलायचे आहे ते जपानी लोकांच्या जुन्या शहाणपणाविषयी. पण सुरुवात मात्र मी या पानमळ्यापासूनच करणार आहे. का, ते पुढे कळेलच.

इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला. पावसाचा भरवसा नाही. 1972 चा दुष्काळ जुन्या मंडळींनी पाहिला, 2012-13 आणि 2018-19 चा तर शाळेतल्या पोरांनीही पाहिला. आणि पानवेल कशी? तिला सावली हवी, ओलावा हवा, वाऱ्यापासून आडोसा हवा. पाणी कमी झाले तरी सुकते, आणि बुडाशी साचून राहिले तर मर रोग येऊन मरते. अशी ही नाजूक वेल या कोरड्या मुलखात माणसाने रोजच्या निगराणीवर जगवली. शेवगा, शेवरी, पांगारा किंवा हादगा लावून तिला सावली आणि आधार द्यायचा, वाढेल तशी बांधत जायचे, पाने खुडायची, पुन्हा बांधायची.

पण खरी गंमत पुढे आहे. वेल चढत चढत आधाराच्या शेंड्याला पोचते. पाने खुडून खुडून तिचा खालचा भाग उघडा पडतो, वर लहान पाने येऊ लागतात. नवख्या माणसाला वाटेल, वेल उंच गेली, छान झाले. मळेवाल्याला मात्र ठाऊक असते की वेल आता थकली. मग तो काय करतो? तिची उतरण करतो. बांध सोडतो, अख्खी वेल हळुवार हाताने खाली उतरवतो, उघड्या भागाचे वेटोळे करून बुडाशी मातीत पुरतो आणि फक्त शेंडा वर ठेवून पुन्हा आधाराला बांधतो. पुरलेल्या पेऱ्यापेऱ्याला नवी मुळे फुटतात. वेल नव्या जोमाने चढते, पाने पुन्हा मोठी येतात. कालपर्यंत माथ्यावर असलेली वेल आज जमिनीवर आली. बघणाऱ्याला ते पडणे वाटते, पण मळेवाल्याच्या हिशेबी ते पुढच्या वर्षाचे उठणे असते.

आता जपानकडे वळू. तिथे एक म्हण आहे: ‘नाना कोरोबी, या ओकी.’ तिचा अर्थ, सात वेळा पडणे, आठ वेळा उठणे. हुशार पोर लगेच विचारील, ‘गुरुजी, सातदा पडला तर आठदा उठेल कसा? हिशेब चुकला की!’ माझे उत्तर असे, की बाळा, पहिले उठणे तुझे रांगतानाचे. तेव्हा तू पडलेला नव्हतास, पण उभा राहायला शिकलास. ते एक धरले की हिशेब बरोबर जुळतो.

या म्हणीच्या जोडीला तिथे एक बाहुला आहे. त्याचे नाव दारुमा. लाल रंगाचा, गोलमटोल, हातपाय नसलेला. त्याला कितीही ढकला, कलंडतो आणि पुन्हा सरळ उभा राहतो. आपल्या जत्रेत असली खेळणी मिळतात, तुम्ही पाहिली असतील. दारुमा हे नाव आले बोधिधर्मावरून. परंपरा असे मानते की हा बौद्ध भिक्षू आपल्या भारतातून चीनला गेला. त्याने घालून दिलेला ध्यानाचा मार्ग पुढे जपानात ‘झेन’ म्हणून रुजला. म्हणजे पाहा, बी आपल्याच वाफ्यातले!

या बाहुल्याची कहाणी शेतकऱ्यांनी ऐकावी अशी आहे. जपानात ताकासाकी नावाचे शहर आहे. दारुमा बाहुल्यांसाठी ते आजही प्रसिद्ध आहे. 1783 साली त्या भागात आसामा नावाचा ज्वालामुखी फुटला. राख पडून शेते गेली, आणि त्या वर्षांत मोठा दुष्काळही पडला. तिथल्या दारुमाच्या देवळाची हकीकत अशी सांगतात, की पीक गेलेल्या शेतकऱ्यांना चार पैसे मिळावेत म्हणून देवळाच्या पुजाऱ्याने त्यांना लाकडी साच्यावर कागद चिकटवून हे बाहुले करायला शिकवले. पडून उठणारा बाहुला पडलेल्या शेतकऱ्यांनी केला आणि त्याच्याच आधाराने ते उठले.

दारुमा विकत घेतात तेव्हा त्याचे दोन्ही डोळे कोरे असतात. माणूस मनात एक संकल्प धरतो आणि एक डोळा रंगवतो. संकल्प पुरा झाला की दुसरा. तोवर तो एकडोळ्या बाहुला घरात बसून रोज आठवण देतो, की गड्या, काम अर्धे आहे.

आता नीट विचार करा. हा बाहुला उठतो कशामुळे? त्याच्या तळाशी वजन असते म्हणून. वर डोके जड आणि तळ हलका असता तर तो एकदाच पडला असता. माणसालाही नुसते ‘ऊठ, धीर धर’ म्हणून उठता येत नाही. त्याच्याही तळाशी काही वजन लागते. जपानी लोकांनी हे वजन कशाकशाचे मानले, त्यातल्या तीन गोष्टी मी सांगतो.

पहिली गोष्ट: रोजची थोडी सुधारणा. हिला ते ‘काइझेन’ म्हणतात. ‘काइ’ म्हणजे बदल, ‘झेन’ म्हणजे चांगले. हा ‘झेन’ ध्यानाचा झेन नव्हे बरे का; उच्चार सारखा, अक्षर निराळे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचे कारखाने याच रीतीने उभे राहिले. एकदम मोठी उडी मारायची नाही. काम करणाऱ्या माणसानेच आपल्या कामातली एखादी लहान अडचण शोधायची आणि ती दूर करायची. पुण्याकडच्या कारखान्यांत हा शब्द आज सर्रास ऐकू येतो. पण त्याला कारखानाच हवा असे कोणी सांगितले? खुरपे दरवेळी शोधावे लागते ना? मग त्याची खुंटी ठरवा. हे झाले काइझेन. ठिबकाची नळी तुंबते ना? दर सोमवारी तिचे तोंड उघडून धुवा. खताचा, मजुरीचा, औषधाचा खर्च डोक्यात ठेवता ना? तो रोज रात्री वहीत एका ओळीत लिहा. वर्षाअखेर ती वही तुम्हाला सांगेल, की नफा कुठून आला आणि पैसा कुठे गळाला.

शिक्षक बंधु-भगिनींसाठी यातल्या दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. जपानच्या बहुतेक शाळांत वर्ग, व्हरांडा, जिने मुले स्वतः झाडतात-पुसतात. दुपारचे जेवण मुलेच पाळीपाळीने वाढतात आणि प्राथमिक शाळेत शिक्षक त्यांच्याबरोबर वर्गातच जेवतात. आपल्याला यात नवल वाटायला नको. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन हेच शिकवले. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावाच्या सफाईला आणि श्रमाला मानाचे पान दिले, आणि हेच महाराज 1955 साली धर्मपरिषदेसाठी जपानला जाऊन आले होते. मात्र एक पथ्य सांभाळा. आपल्याकडे झाडू कोणाच्या हाती द्यायचा हे पुष्कळदा जात पाहून ठरले, किंवा मुलीच्या हाती झाडू आणि मुलाच्या हाती बॅट असे झाले. तसे होणार असेल तर तो उपक्रम न केलेला बरा. पाळी सगळ्यांची, आणि पहिली पाळी गुरुजींची. तरच त्यातून संस्कार होईल.

दुसरी गोष्ट तर आपल्या रेडिओचीच आहे. 1928 सालापासून जपानची नभोवाणी सकाळचा व्यायाम ऐकवते. मधे युद्धानंतर काही वर्षे तो बंद पडला, 1951 साली पुन्हा सुरू झाला, तो आजही साडेसहाला लागतो. पियानोच्या सुरावर हात वर, कंबर वाकवा, उड्या मारा. एका फेरीला तीन-साडेतीन मिनिटे पुरतात. सुटीत मुले मैदानात जमतात, हजेरीच्या कार्डावर शिक्का मिळवतात. शेजारी आजोबाही हात हलवत उभे असतात. साधन नको, पैसा नको, पंचवीस वर्षांचे असावे लागत नाही. शाळेच्या प्रार्थनेनंतर अशी पाच मिनिटे काढता येणार नाहीत काय?

तळाचे दुसरे वजन माणसांचे. ओकिनावा हे जपानच्या दक्षिणेचे बेट. तिथल्या म्हाताऱ्यांच्या दीर्घायुष्याची फार कीर्ती झाली. त्यांच्यात ‘मोआई’ नावाची रीत आहे. पाचदहा ओळखीची माणसे एकत्र येतात, दर महिन्याला ठरावीक रक्कम गोळा करतात, आणि ती पाळीपाळीने एकेकाला मिळते. तुम्ही म्हणाल, ‘अहो, ही तर आमची भिशी!’ अगदी बरोबर, भिशीच ती. फरक एवढाच, की तिथली मंडळी पैसे देऊन लगेच उठत नाहीत. चहा होतो, जेवण होते, सुखदुःख निघते. एखादा दोन वेळा आला नाही तर कोणीतरी त्याच्या घरी जाऊन चौकशी करते.

आपल्याकडे भिशी आहे, बायकांचे बचत गट आहेत, भजनी मंडळ आहे, पारावर बैठक आहे. पण हल्ली भिशीचे पैसे फोनवरून जातात, गटाची सही घरी येऊन नेतात, आणि माणसे एकमेकांसमोर बसतच नाहीत. अर्धा तास बसा. हिशेब संपला की वहीत जे लिहिले जात नाही ते विचारा. घरी बरे आहे ना? पोराच्या फीचे जमले का? जो बोलता बोलता अलीकडे गप्प झाला आहे, त्याच्याकडे जास्त लक्ष द्या.

ओकिनावाच्याच लोकांची आणखी एक सवय आहे, पोट दहातले आठ भाग भरले की थांबायचे. आपला वाग्भटही पोटाचे दोन भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक वाऱ्याला मोकळा ठेवा असेच सांगतो. मात्र हेही सांगितले पाहिजे, की पुढे त्या बेटावर तळलेले आणि डबाबंद खाणे वाढले आणि तिथल्या पुरुषांचा आयुर्मानातला वरचा नंबर गेला. म्हणजे पुण्याई आजोबांनी कमावली म्हणून नातवाला आपोआप मिळत नाही. ती रोजच्या ताटात कमवावी लागते.

तिसरे वजन सगळ्यांत महत्त्वाचे. जपानीत त्याला ‘इकिगाई’ म्हणतात. सकाळी उठावेसे का वाटते, याचे उत्तर म्हणजे इकिगाई. हल्ली या शब्दावर चार वर्तुळांचे एक चित्र सगळीकडे फिरते: आवड, कौशल्य, जगाची गरज आणि कमाई. ते चित्र मूळ जपानी नाही, पाश्चात्त्यांनी जोडलेले आहे. जपानी माणसाच्या इकिगाईला कमाईची अट नाही. नातवाला शाळेत सोडणे, परसातल्या चार वांग्यांना पाणी घालणे, हेही एखाद्याचे इकिगाई असते.

मिएको कामिया नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाई होत्या. ओकायामा प्रांतात एका बेटावर कुष्ठरोग्यांचे रुग्णालय होते, तिथे त्या रुग्णांना तपासायला जात. त्यांनी एक गोष्ट पाहिली. रोग तोच, छप्पर तेच, घरच्यांनी टाकलेले दोघेही. पण एकाला जगणे रिकामे वाटते, आणि दुसरा उमेदीने जगतो. हे असे का, याचा शोध घेत त्यांनी 1966 साली इकिगाईवर पुस्तक लिहिले. आपल्या वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमट्यांनीही हेच ओळखले होते, की रोग्याला औषधाइतकीच कामाची आणि मानाची गरज असते. पुढे जपानच्या मियागी प्रांतात चाळीस हजारांहून अधिक प्रौढांची सात वर्षे पाहणी झाली. आपल्या जगण्यात इकिगाई आहे असे सांगणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. यावरून ‘इकिगाई धरा आणि शंभरी गाठा’ असा बाजारी हिशेब कोणी मांडू नये. आजारी माणसाचे मन आधीच उतरलेले असते. तरीही ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

शंभरीवरून आठवण झाली ती महर्षी धोंडो केशव कर्व्यांची. 1893 साली त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकले. ते पडले का? पडलेच म्हणायचे. पण उठले, आणि हिंगण्याला झोपडीत आश्रम काढला. तिथून पायी पुण्यात येऊन कॉलेजात गणित शिकवीत. 1914 च्या सुमाराला नोकरीतून निवृत्त झाले. कोणीही म्हटले असते, आता पुरे. त्याच वेळी जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक लहानशी पुस्तिका त्यांच्या विचारांना चालना देऊन गेली. 1901 साली तोक्योत निघालेली ती संस्था. जपानात होते ते आपल्याकडे का होऊ नये, असे म्हणून 1915 साली त्यांनी मुंबईच्या सामाजिक परिषदेत कल्पना मांडली, आणि 1916 साली महिला विद्यापीठ उभे केले. तेच आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ. पुढे सत्तरी उलटल्यावर जगप्रवासात ते तोक्योला जाऊन ती मूळ संस्था पाहून आले. आणि 1936 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यात प्राथमिक शाळा नाहीत म्हणून त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि घरोघर जाऊन वर्गणी गोळा केली. 1958 साली भारतरत्न मिळाले, 1962 साली एकशे चार वर्षांचे होऊन गेले. इकिगाई हा शब्द त्यांनी ऐकला असेल-नसेल, पण त्याचा अर्थ शिकवायचा झाला तर वर्गात याहून चांगला धडा नाही.

आता एक सावधगिरीची सूचना. जपानी लोकांत ‘गामान’ म्हणून एक गुण मानतात. मुकाट्याने, मान राखून सोसणे, हा त्याचा अर्थ. भूकंप झाला, त्सुनामी आली, तरी लोक रांगेत शांत उभे राहतात ते या गुणामुळे. पण याच गुणाची दुसरी बाजू काळी आहे. सोसत सोसत माणूस मदत मागायचेच विसरतो. जास्त काम करून येणाऱ्या मृत्यूला जपानी भाषेत ‘कारोशी’ असा वेगळा शब्द करावा लागला. तेव्हा त्यांचे सगळेच उचलावे असे नाही.

आपल्या महाराष्ट्रात तर हे जिवावर बेतते. किती शेतकरी कर्जाचा आकडा बायकोलाही सांगत नाहीत! किती बाया दुखणे अंगावर काढतात आणि त्याला सोशिकपणा म्हणून आपण वाखाणतो! मंडळी, पानवेलीची उतरण वेल स्वतः करीत नाही. दुसऱ्या कोणाचा तरी हात लागतो. बांध सोडायला, खाली घ्यायला, पुन्हा बांधायला. माणसालाही वेळेला तो हात लागतो, आणि तो मागण्यात कमीपणा नाही. ज्याला झोप लागत नाही, जेवण जात नाही, ‘आता माझ्या जगण्यात काय राहिले’ असे जो बोलू लागला आहे, त्याला उपदेश करू नका. दारुमाची गोष्टसुद्धा सांगू नका. त्याच्याजवळ बसा, ऐका, एकटे सोडू नका आणि त्याला डॉक्टरांकडे न्या. सरकारने 2022 साली टेलि-मानस नावाची फोनसेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक 14416. दिवसा-रात्री केव्हाही लावता येतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हा क्रमांक लिहून ठेवा. कर्ज, पाणी, भाव हे प्रश्न नुसत्या मनाच्या बळाने सुटत नाहीत, हे मलाही कळते. त्यासाठी बँक, सोसायटी, सरकार यांच्याकडे भांडावेच लागते. पण भांडायला माणूस जागेवर असावा लागतो.

शेवटी एक जुनी आठवण सांगून थांबतो. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून दीडशे गावांत एक प्रयोग झाला. गावकरी रेडिओभोवती जमत, भाषण ऐकत, मग त्यावर आपसांत चर्चा करीत, आणि पटलेले करून पाहत. ‘ऐका, चर्चा करा, करून पाहा’ अशी त्याची रीत होती. हे भाषणही त्याच रीतीने घ्या. येत्या आठ दिवसांत तीन गोष्टी करा. घरात किंवा शेतात एक लहान सुधारणा करा. भिशीत किंवा गटात अर्धा तास जास्त बसा. आणि सकाळी मी कशासाठी उठतो, याचे उत्तर एका ओळीत वहीत लिहा. शिक्षकांनी मुलांकडून वहीच्या पुठ्ठ्यावर एक दारुमा काढून घ्यावा, एकच डोळा रंगवलेला. दुसरा डोळा केव्हा रंगवायचा ते मुलालाच ठरवू द्यावे.

पुढच्या ज्येष्ठ-आषाढात पालखी निमगाव केतकीला येईल तेव्हा वारकऱ्यांकडे जरा निरखून पाहा. पायाला फोड आलेला माणूस खाली बसतो, शेजारचा वारकरी त्याचे पाय चेपतो, आणि टाळ वाजला की दोघेही उठून चालू लागतात. सातदा पडून आठदा उठण्याचा अर्थ त्या दोघांना विचारा. आणि वेळ मिळाला तर तसेच एखाद्या पानमळ्यात डोकावून या, उतरण केलेल्या वेलीला फूट आली आहे का ते बघून या.

रामराम.